पास्टरांना विचारल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही, मग माझा विश्वास प्रौढ कधी होणार?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तू नगरच्या ख्रिस्ती घरातली, सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) चर्चमध्ये वाढलेली, दृढीकरण झालेलं, पुण्यात नोकरीला आल्यावर एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये जायला लागलीस आणि तिथे तुझा विश्वास खऱ्या अर्थाने जिवंत झाला. आता बंगळुरूची नोकरी आलीये, घरचे एका स्थळाबद्दल विचारतायत, आणि दोन्हींच्या बाबतीत पास्टर म्हणाले की प्रभूने मला अजून दाखवलेलं नाही, थांब. वर असंही म्हणाले की कव्हरिंगमधून, म्हणजे पास्टरांच्या आत्मिक छत्राखालून, बाहेर पडलीस तर सैतानाला दार उघडं होईल. तेव्हापासून तुला झोप नाही. आणि तू विचारतेस, ताई, मी स्वतः ठरवलं तर ते बंड होईल का, आणि प्रौढ विश्वास म्हणजे नेमकं काय.

आधी सरळ उत्तर देते. नाही, ते बंड नाही. पण पास्टरांचं ऐकायचं नाही म्हणजे आपण मोठे झालो असंही नाही. प्रौढ ख्रिस्ती माणूस देवापुढे स्वतःच्या नावाने उभा राहतो, काय केलं आणि का केलं ते स्वतः सांगतो, दुसऱ्याच्या तोंडून सांगत नाही. मी बायबल अभ्यास घेते, तरुण मुलंमुली येतात, लग्न, नोकरी, पाप, शंका सगळं बोलतात, आणि इतक्या वर्षांत मला दिसलंय ते हे की ज्यांचा विश्वास पुढे टिकला ते सगळे एका स्वभावाचे नव्हते, कुणी खूप भावनिक, कुणी अगदी गप्प, कुणी अभ्यासू तर कुणाला दोन ओळी वाचायचा कंटाळा, पण त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी एखादा मोठा निर्णय प्रार्थना करून, वचन वाचून, चार जणांना विचारून शेवटी स्वतः घेतला होता आणि त्याचं बरंवाईट स्वतः निभावलं होतं.

आता बायबलमधली एक गोष्ट वाच, संडे स्कूलमध्ये ती अर्धीच सांगतात. २ इतिहास २२ ते २४. योवाश राजा. लहान असताना आत्याने त्याला वाचवलं, सहा वर्षं मंदिरात लपवून ठेवलं, सातव्या वर्षी यहोयादा याजकाने त्याला गादीवर बसवलं. मंदिराची दुरुस्ती, पैशांची पेटी, ते सगळं आपल्याला पाठ आहे. पण चोविसाव्या अध्यायाची सुरुवात नीट बघ, तिथे लिहिलंय की यहोयादा याजक जिवंत होता तोवर योवाशाने परमेश्वराच्या दृष्टीने नीट ते केलं. जिवंत होता तोवर! लगेच पुढच्या वचनात यहोयादाने त्याला दोन बायका करून दिल्याचं लिहिलंय, म्हणजे लग्नसुद्धा याजकानेच ठरवलं. मग यहोयादा १३० वर्षांचा होऊन वारतो, यहूदाचे सरदार येऊन राजाला मुजरा करतात आणि राजा त्यांचं ऐकतो. मंदिर सोडतो, मूर्तीच्या मागे लागतो, आणि यहोयादाचाच मुलगा जखऱ्या त्याला देवाचा इशारा द्यायला उभा राहतो तेव्हा मंदिराच्या अंगणात त्याला दगडमार करून मारायचा हुकूम देतो.

मला ही गोष्ट दरवेळी हलवून सोडते, कारण यहोयादा वाईट नव्हता. देवभक्त होता, शूर होता, त्याचा सल्ला चांगलाच होता. तरी योवाश आयुष्यभर ऐकणाराच राहिला, आधी याजकाचं ऐकलं, मग सरदारांचं. बोलणारा बदलला, ऐकणारा तोच. म्हणून तुझे पास्टर चांगले की वाईट हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. चांगल्या पास्टरावर टेकून उभा असलेला विश्वाससुद्धा तो पास्टर बदलून गेला, वारला, किंवा देव न करो कुठे घसरला, की कोसळतो. असे कितीतरी लोक बघितलेत मी, पास्टरांचं काहीतरी बाहेर आलं आणि माणसाने बायबलच मिटून ठेवलं.

आणि याच्या उलट एली याजक. एली काही आदर्श बाप नव्हता, त्याच्या मुलांनी काय दिवे लावले ते १ शमुवेलमध्ये आहेच. पण तिसऱ्या अध्यायात तो एक फार मोठी गोष्ट करतो. त्याच्या हाताखाली वाढणारा पोरगा शमुवेल रात्री तीनदा उठून त्याच्याकडे धावत येतो, तुम्ही हाक मारली ना म्हणून, आणि एलीला जेव्हा कळतं की हाक देवाची आहे तेव्हा तो म्हणत नाही की इथेच बस, मी ऐकून तुला सांगतो. तो म्हणतो जा, निज, आणि पुन्हा हाक आली तर म्हण की बोल परमेश्वरा, तुझा दास ऐकत आहे. पोराला परत त्याच्या अंथरुणावर पाठवतो. दुसऱ्या दिवशी तो शमुवेलला विचारतो काय सांगितलं, आणि निघतं काय तर एलीच्याच घराण्यावरचा न्याय, आणि एली तो निमूट ऐकून घेतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते करो म्हणतो. चांगला आत्मिक गुरू ओळखायचा असेल तर मी तरी हीच कसोटी लावते. तो तुला देवाकडे पाठवतो का, आणि देवाने तुला सांगितलेलं त्याच्या सोयीचं नसलं तरी तो ऐकून घेतो का.

आता तुला ज्या वचनांची भीती घातली गेलीये त्यांच्याकडे येऊ, कारण तू बायबल मानणारी मुलगी आहेस आणि तुझं मन वचनानेच मोकळं होईल, माझ्या बोलण्याने नाही.

"माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" हे स्तोत्र १०५ मधलं वचन. अख्खं स्तोत्र वाच. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या देशात उपरे म्हणून फिरत होते आणि देवाने राजांना धमकावलं की यांना त्रास देऊ नका. कुठल्या पुढाऱ्याला प्रश्न विचारू नका असं त्या स्तोत्रात काहीही नाही. दावीद राजा स्वतः अभिषिक्त होता तरी त्याने पाप केलं तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर म्हणाला तो मनुष्य तूच आहेस. आणि दावीदाने जिवावर उठलेल्या शौल राजाला अभिषिक्त म्हणून मारलं नाही हे खरं, गुहेत हाताशी आला होता तरी मारलं नाही, पण १ शमुवेल २४ शेवटपर्यंत वाचलंस तर शौल रडला, माफी मागितल्यासारखं बोलला, तरी दावीद त्याच्या वाड्यावर परत राहायला गेला नाही, गडावर गेला. मान ठेवणं आणि अंतर ठेवणं एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी करता येतं, हे मी तिथून शिकले.

इब्री १३:१७ मध्ये पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असं आहे, आणि ते मी हलकं करणार नाही, ते वचन आपल्यासाठी आहेच. पण त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात म्हटलंय की त्यांच्या वागणुकीचा शेवट पाहा आणि मग त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा, म्हणजे डोळे उघडे ठेवायचे आहेत. आणि पुढाऱ्यांना १ पेत्र ५:३ मध्ये बजावलंय की धनीपण गाजवू नका, कळपाला कित्ता व्हा. ही तीन वचनं एकत्र वाचायची असतात, एकच वाचलं की घोळ होतो. देवाच्या वचनातून शिकवलेली गोष्ट पाळायची, मंडळीची शिस्त पाळायची, पण नोकरी कुठल्या शहरात करायची हा शिस्तीचा विषय नाही. कव्हरिंगबद्दल म्हणशील तर देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, १ तीमथ्य २:५, आणि तो पुण्यात आहे तसा बंगळुरूतही आहे. यापलीकडे मला त्यावर काही बोलावंसं वाटत नाही.

खरं बघायचं तर पौल काय करायचा ते बघ. त्याच्याएवढा अधिकार आज कुणाकडे आहे? आणि तो करिंथच्या मंडळीला लिहितो की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता गाजवत नाही, आम्ही तुमच्या आनंदात मदतनीस आहोत, २ करिंथ १:२४. लग्नाबद्दल लिहिताना तर कमालच करतो, १ करिंथ ७ उघड, एका ठिकाणी म्हणतो ही माझी नाही, प्रभूची आज्ञा, दुसरीकडे म्हणतो हे प्रभू नाही, मी सांगतोय, आणि पंचविसाव्या वचनात साफ सांगतो की याबद्दल मला प्रभूची आज्ञा नाही, मी आपलं मत देतो. प्रेषित असून! आणि विधवेबद्दल शेवटी काय, तिची इच्छा असेल त्याच्याशी तिने लग्न करावं, फक्त प्रभूमध्ये. एक मर्यादा घातली आणि आत तिला मोकळीक दिली. मग १६ व्या अध्यायात अपुल्लोसाबद्दल दोन ओळी आहेत, पटकन वाचून पुढे जातो आपण. पौलाने त्याला तुमच्याकडे या म्हणून पुष्कळ विनंती केली, त्याची आत्ता यायची मुळीच इच्छा नव्हती, सवड मिळाली की येईल. बस. पौल रागावला नाही, अपुल्लोस बंडखोर ठरला नाही, शाप नाही, काही नाही.

म्हणून "प्रभूने मला दाखवलं नाही" असं कुणी तुझ्या आयुष्याबद्दल म्हणालं तर ते ऐक, तुच्छ लेखू नको, १ थेस्सलनी ५ मध्ये भविष्यवाणी धिक्कारू नका असं लिहिलंच आहे, पण लगेच पुढे सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरा असंही लिहिलंय. १ राजे १३ वाच, यहूदाहून आलेला देवाचा माणूस, त्याला देवाने स्वतः सांगितलं होतं की तिथे खाऊ नको, पिऊ नको, आल्या वाटेने जाऊ नको. एक म्हातारा संदेष्टा त्याला म्हणतो, मीपण तुझ्यासारखा संदेष्टा, मला देवदूताने सांगितलंय तुला घरी जेवायला आण. खोटं बोलला. तो माणूस गेला, जेवला, आणि परतताना सिंहाने त्याला मारलं. वयाने मोठ्याने, पदाने मोठ्याने, देवाच्या नावाने सांगितलं म्हणून त्याने स्वतःला मिळालेलं सोडलं.

आपल्या मातीतलं एक उदाहरण देते, कारण स्वतंत्रपणे विचार करणं हे पाश्चात्त्य खूळ आहे असं हल्ली काही लोक म्हणतात आणि मला ते फार लागतं. पंडिता रमाबाई. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरी लहान मुलगी, आणि १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. वय २५, तुझ्याच वयाच्या म्हण. राहायची सोय, आधार, सगळं तिथल्या जोगिणींच्या मठावर. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या, संस्कृत शिकवत होत्या. आणि अशा सगळ्या बाजूंनी अवलंबून असलेल्या स्थितीत त्यांनी आपल्या आत्मिक आईला, सिस्टर जेराल्डाइनना, पत्रांतून स्पष्ट कळवलं की मी मोठ्या कष्टाने आमच्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून सुटलेय, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी इच्छा नाही. शब्द माझे, आशय त्यांचा. त्रैक्याच्या शिकवणीवर प्रश्न विचारले, मांसमच्छी खाणार नाही म्हणाल्या, भारतातल्या बिशपांनी त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर हरकत घेतली तेव्हा ते आपल्याला पटत नाही म्हणून सांगितलं. समोरून उत्तर आलं की हा तुझा गर्व आहे. तुला ऐकवलं जातंय तेच ना?

आता मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे. रमाबाई तिथून निघून ख्रिस्तापासून लांब गेल्या का? उलट. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, शारदा सदन चालवत असताना, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण स्वतः ख्रिस्त मिळायचा राहिला होता, आणि तिथून त्यांचं नातं वैयक्तिक झालं, हे त्यांनी स्वतः साक्षीत लिहून ठेवलंय. ज्या प्रश्नांना गर्व म्हटलं गेलं त्याच प्रश्नांतून त्या चालत तिथवर आल्या. पुढे दुष्काळातल्या मुलींना घेऊन केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणायला बसल्या, ते मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम सुरू, आणि ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या. त्या स्वातंत्र्याचा उपयोग त्यांनी कुणासाठी केला ते बघ. माझ्या मते प्रौढ विश्वासाची खूण तीच, तो मोकळा झाला की दुसऱ्याचं ओझं उचलायला जातो.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नवऱ्याने, ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या लगेच मागून गेल्या नाहीत. किती रडल्या, किती भांडल्या, नवऱ्याबरोबर राहायला आल्यावरही सोवळं आपलं आपण सांभाळलं, आणि साधारण पाच वर्षांनी, स्वतःच्या मनातला जातीचा प्रश्न स्वतः सोडवल्यावर बाप्तिस्मा घेतला. आज आपल्या मंडळ्यांमध्ये या दोघींचे फोटो लावतात, छानच आहे, पण त्यांच्यासारखं वागणारी मुलगी समोर आली की तिच्यासाठी सैतानापासून सुटकेची प्रार्थना ठेवतात.

बरं, आता सावध करते एका गोष्टीबद्दल. बरेच जण मंडळीला कंटाळून घरी बसतात आणि यूट्यूबवर दिवसाला तीन संदेश ऐकतात आणि म्हणतात आता मी स्वतंत्र झालो. तो योवाशच. फक्त यहोयादा आता मोबाइलमध्ये आहे, आणि त्याला तर तुझं नावसुद्धा माहीत नाही, तू आजारी पडलीस तर तो भाकरी घेऊन येणार नाही. गलती ६ मध्ये दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा आणि पाचव्या वचनात प्रत्येकाने आपला भार वाहिला पाहिजे, दोन्ही एका दमात लिहिलंय. मला तर वाटतं या दोन वचनांच्या मधल्या जागेत राहायला शिकणं हेच सगळं शिक्षण आहे. मंडळी सोडायची नाही. एखादी मंडळी बदलावी लागली तर बदलायची, पण मंडळीशिवाय राहायचं नाही.

कसं वाढायचं विचारलंस. वाचनापासून सुरू कर, आणि वाचन म्हणजे रोजच्या ॲपवर येणारं एक वचन नाही. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला, वॉचनाईटला, आपल्याला वर्षाचं वचन मिळतं, कार्ड पाकिटात ठेवतो, त्यात यिर्मया २९:११ हमखास असतं, तुमच्या हिताचे संकल्प, भावी सुस्थितीची आशा. किती गोड. आता त्याच्या आधीचं, दहावं वचन वाच, तिथे लिहिलंय बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर, म्हणजे बंदिवासाची सत्तर वर्षं. त्याआधी देव म्हणतो तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात मी तुम्हाला पाठवलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि मागचा २८ वा अध्याय काढ, तिथे हनन्या नावाचा संदेष्टा देवाच्या नावाने सांगतोय की दोनच वर्षांत सगळं परत मिळेल, लोकांना तेच ऐकायचं होतं, आणि ते खोटं निघालं. हे सगळं वाचल्यावर ते कार्डावरचं वचन लहान होत नाही, उलट खरं होतं, सत्तर वर्षं थांबता येईल इतकं खरं. असं मागचंपुढचं वाचायची सवय लागली ना, की कुणी तुला एक ओळ काढून घाबरवू शकत नाही. मार्क घे, १६ च अध्याय आहेत. एका बैठकीत एक अध्याय, वहीत लिही की इथे देवाबद्दल काय कळलं, मला काय समजलं नाही, आणि आज मला काय करायला सांगितलंय. समजलं नाही ते लिहायला लाजू नको. तीच वही घेऊन पास्टरांकडे जा, बघ कसं बोलणं बदलतं. बिरुयाच्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचं शिक्षण शास्त्र उघडून रोज तपासलं, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो, उद्धट नाही म्हणत.

प्रार्थनेचं एवढंच सांगते की दुसऱ्यांच्या प्रार्थनेची भाषा सोड. फेलोशिपमध्ये एक ठरलेला सूर असतो, आपण पण त्याच सुरात सुरू होतो. एकटी असताना साध्या नगरी बोलीत बोल, राग आला असेल तर राग सांग. आणि कधीकधी काहीच वाटत नाही, उपासनेत सगळे रडतात आणि आपण कोरडे, तेव्हा घाबरू नको. स्तोत्र ८८ आहे बायबलमध्ये, ते अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरी देवाने ते आपल्या पुस्तकात ठेवलंय. तू रडलीस की नाही यावरून विश्वास मोजू नये. माझ्या अनुभवात माणूस ज्या दिवसांत काही न वाटता उठून प्रार्थना करतो, कुणाची तरी चौकशी करायला जातो, तेच दिवस त्याला घडवतात.

आणि कुणाला तरी शिकव. इब्री ५ मध्ये लेखक चिडून म्हणतो की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, तुम्हाला अजून दूधच लागतंय, आणि पुढे म्हणतो प्रौढांच्या ज्ञानेंद्रियांना सरावाने चांगलंवाईट ओळखता येतं. सरावाने. अभिषेकाने एका रात्रीत नाही. संडे स्कूलचा एक वर्ग घे, सहावी-सातवीतली मुलं असे प्रश्न विचारतात की तुझा उसना विश्वास तिथे पुरणारच नाही, घरी येऊन स्वतः शोधावंच लागेल.

आता तुझे दोन निर्णय. नोकरीचं मी ठरवणार नाही, नाहीतर पास्टरांच्या जागी मीच येऊन बसेन. पण कसं ठरवायचं ते सांगते. पाप आहे का, कुणाला फसवावं लागतंय का, घरच्यांची जबाबदारी मोडतेय का, तिथे विश्वासात राहायची सोय होईल का, आणि तुझं मन त्या कामाकडे ओढ घेतंय का की नुसतं इथून पळायचंय. हे सगळं कागदावर लिही. तुला ओळखणाऱ्या आणि तुझ्याकडून काही फायदा नसलेल्या दोन-तीन प्रौढ विश्वासी लोकांना दाखव, त्यात आईवडील धर, ते बायबल शाळेत गेले नाहीत म्हणून त्यांना कमी समजू नको. एक तारीख ठरव. त्या तारखेपर्यंत प्रार्थना कर, आणि त्या दिवशी ठरव. आकाशातून आवाज आला नाही तरी ठरव. प्रेषितांची कृत्ये १५ मधल्या पत्रातसुद्धा लिहिलंय की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं, म्हणजे माणसांचा विचार, चर्चा, वाद, सगळं आत्म्याच्या चालवण्यातच धरलंय.

स्थळाचं तसंच, पण सावकाश. मुलगा प्रभूमध्ये आहे का हे नुसत्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून कळत नाही, तो आईशी कसा बोलतो, पैशाचं काय करतो, चूक झाली तर मान्य करतो का, हे बघ, आणि त्याच्याशी स्वतः बोल, तीनचार वेळा बोल. तुला नको असेल तर नको म्हण, देवाच्या इच्छेचं कारण पुढे करू नको. मला पटलं नाही एवढं म्हणायचीही हिंमत लागते.

पास्टरांशी बोलायचं कसं? पाठीमागे नाही, आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. भेटायला जा, आईला किंवा एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासी बाईला बरोबर ने. आधी आभार मान, खरे आभार, कारण तुझा विश्वास तिथे जागा झालाय आणि ते खोटं नाही. मग सांग, पास्टर, तुमचा सल्ला मी ऐकला, त्यावर प्रार्थना करतेय, अमुक तारखेला मी निर्णय घेईन आणि तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळवेन, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा. परवानगी मागायच्या सुरात नको. ते चांगले पाळक असतील तर थोडे नाराज होतील आणि मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. असे पुष्कळ पाळक आहेत, मी जवळून बघितलेत, रात्री दोनला हॉस्पिटलमध्ये येऊन बसणारे, स्वतःच्या पगारातून मुलांच्या फिया भरणारे, त्यांना या सगळ्या बोलण्यात गोवू नको.

पण शाप देऊ लागले, अपघात होईल, मूल होणार नाही असलं काही बोलू लागले, तुझी एकांतात सांगितलेली गोष्ट व्यासपीठावरून निघाली, घरच्यांशी बोलणं तोडायला सांगितलं, दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा, हिशोब मागून दबाव आणला, तर तिथे थांबायचं नाही. देणं मनात ठरवल्याप्रमाणे, जुलमाने नाही, २ करिंथ ९:७. आणि कुणी एकटीला बोलावून अंगाला हात लावायचा प्रयत्न केला तर त्या क्षणी बाहेर पड, घरी सांग, पोलिसात जा, मंडळीची अब्रू वगैरे विचार करत बसू नको.

भीती एका दिवसात जाणार नाही हेही सांगून ठेवते. निर्णय घेतल्यावर पहिल्या महिन्यात ताप आला, गाडी पंक्चर झाली, की मन म्हणेल बघ, कव्हरिंग गेलं. इतकी वर्षं कानावर पडलेलं आहे ते, लगेच बंद होणार नाही. अशा वेळी रोम ८ चा शेवट मोठ्याने वाच, आणि कुणाला तरी फोन कर, मला केलास तरी चालेल.

बंगळुरूला जायचं ठरलंच तर एक काम नगरला जाऊन आधी कर. तुझं सभासदत्व अजून गावच्या चर्चमध्येच असेल, तिथल्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र लिहून घे. दक्षिणेत सीएनआय नाही, तिथे सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) आहे, १९४७ ला झालेली, आपल्या सीएनआयचीच बहीण, तुझं पत्र तिथे चालेल. इंग्रजी उपासना मिळेल. पहिल्या महिन्यातच जा, पुढच्या बाकावर बस, आणि उपासना संपल्यावर लगेच निघू नको, थांबून कुणाला तरी तुझं नाव सांग.